तुझी हाक उशिराची नव्हती

अ‍ॅग्नेस, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी रीत नव्हती. मैदानावर पंचाशी वाजलं तर तू त्याच्या मागोमाग बसस्टॉपपर्यंत जायचीस, पण आपलं म्हणणं त्याच्या गळी उतरवल्याशिवाय परत फिरायची नाहीस. आणि आपलं बारा वर्षांचं भांडण असं मधेच टाकून गेलीस. परवा तुझा सातव्या दिवसाचा मिस्सा झाला. सगळे माना खाली घालून बसले होते आणि मी एकटी रागानं फुगून बसले होते. फादर म्हणाले, तिला शांती लाभो. मी मनात म्हटलं, एवढ्यात नाही. आधी माझं ऐकून घे, मग हवी तेवढी शांती घे.

भांडण कशाचं ते आपल्या दोघींशिवाय फारसं कोणाला ठाऊक नाही. तू म्हणायचीस, सुमन, तुझी दोन बोटं माझ्यामुळे गेली. मी जरा आधी ओरडले असते तर तुझा उजवा हात आज पाच बोटांचा असता. मी म्हणायचे, हे साफ खोटं आहे. एवढंच. ते मनात धरून तू मेलीस आणि मला ते मान्य नाही. तू मेलीस म्हणून आता मान्य करीन, असंही समजू नकोस.

मी अंधेरीच्या त्या डब्यांच्या कारखान्यात लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाबांची गिरणीतली नोकरी दम्यानं गेली होती. घाटकोपरहून बसनं यायचे, आईनं बांधून दिलेली भाकरी आणि सुकटाची चटणी पिशवीत. तू तेव्हा चोवीस-पंचवीसची, मरोळच्या बाजूच्या गावठाणातली, प्रेस खात्यात सगळ्यांत जुनी. मी पहिल्या दिवशी तुला अ‍ॅग्नेसताई म्हटलं. तू वर न बघताच म्हणालीस, ताई घरी ठेव, इथे हात चालव. मला तू अजिबात आवडली नाहीस.

कारखान्याची बायकांची कबड्डीची टीम होती आणि तू तिची कप्तान, शिक्षक, पंच, सगळंच. पहिली पाळी सुटली की तुमच्या गावठाणामागच्या कापणी झालेल्या शेतात सराव. आम्ही कोकणातल्या मुली काष्टा मारायचो. तुमच्या गावठाणातल्या मुली फ्रॉकखाली भावाच्या पँटी घालायच्या. तुमच्या म्हाताऱ्या ओट्यावर बसून हसायच्या. मला तू चढाईला घेतलंस, कारण मी प्रेसवर सगळ्यांपेक्षा जास्त झाकणं काढत होते. हात चपळ आहे तुझा, म्हणालीस. तुझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं.

आणि तो झाकणाचा खेळ. बाकावर डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवायचं, त्यापासून दीड हातावर आपला हात. तू एक-दोन-तीन म्हणायचीस, तीनला आम्ही झाकणावर हात टाकायचा. आणि हात निघाला रे निघाला की तू 'थांब' ओरडायचीस. तेव्हा हात हवेत थांबला पाहिजे. तुझं म्हणणं असं, की चढाईला गेलेल्या मुलीला समोरची पकड दिसली तर वाटेतूनच हात मागे घेता आला पाहिजे. कोणालाच जमायचं नाही. तू 'थांब' म्हणायचीस आणि आमचा हात खाडकन झाकणावर. दोन वर्षं तू हे शिकवलंस, दोन वर्षं आम्हांला मठ्ठ म्हटलंस आणि दर चुकीला शेताला एक फेरी मारायला लावलीस. त्या फेऱ्यांनी आमचे पाय मात्र झकास झाले.

मग एके दिवशी मी वैतागून म्हटलं, तू करून दाखव. तू बसलीस, मी आकडे म्हटले, मी 'थांब' ओरडले आणि तुझाही हात खाडकन झाकणावर. तू पुन्हा केलंस. पुन्हा. तोंड लाल झालं तुझं. दुसऱ्या दिवशी आम्हां सगळ्यांना बाकापाशी उभं करून म्हणालीस, दोन वर्षं मी तुम्हांला चुकीचं शिकवलं, माफ करा. मला तू आवडायला लागलीस ती त्या दिवसापासून. चूक कबूल करणारे कप्तान मी पुढे फारसे पाहिले नाहीत, मॅनेजर तर नाहीच.

त्या दिवशी तू मला तुझा दंड धरायला लावलास. हात समोर फेकलास. माझ्या मुठीत आधी दंडाची मागची बाजू ताठ झाली, मग पुढची बेटकुळी, मग पुन्हा किंचित मागची. तू म्हणालीस, बघ, मागचा फेकतो, पुढचा आवरतो, आणि मग दोघं मिळून हात जागेवर बसवतात. आणि हे सगळं हात निघायच्या आधीच ठरलेलं असतं. निघाल्यावर वाटेत कोणी विचारायला येत नाही. इतक्या पटकन होतं, की वाटेतली खबर डोक्याला कळून डोक्याचा हुकूम परत हाताला पोचेपर्यंत हात मुक्कामाला गेलेला असतो. हे तू कुठे वाचलं नव्हतंस. सातवी नापास बाई तू. दोन वर्षं हात बघून बघून तुला ते दिसलं होतं.

"सुमन, टाकलेला हात आपला राहत नाय," तू म्हणालीस. "म्हणून टाकतानाच रिटर्न तिकीट काढायचं. जाऊन परत यायचं असं ठरवूनच टाक. वाटेत तिकीट मिळत नाय."

रिटर्न तिकीट. त्या एका गोष्टीवर आपण त्या वर्षी जिल्ह्याचा कप आणला. मी जायचे, शिवायचे आणि समोरच्या मुलीला कळायच्या आत हात माझ्या छातीशी परत आलेला असायचा, कारण तो निघतानाच परतीचा निघालेला असायचा. मॅनेजरनं टीमचा फोटो काढून ऑफिसात लावला. मधे कप, एका बाजूला तू, एका बाजूला मी. आम्हांला केवढा अभिमान. हात दाखवून अवलक्षण कसं होतं ते पुढे कळलं.

सहासष्ट सालचा पावसाळा नुकताच संपला होता. माझा प्रेस 'डबल मारायला' लागला होता. एकदा पायाखालची पट्टी दाबली की वरचा ठोकळा एकदाच खाली यायला हवा. हा मधूनच न दाबता दुसऱ्यांदा खाली यायचा. आतली कुठलीशी स्प्रिंग झिजली होती. तू फोरमनला सांगितलंस. दोन दिवसांनी पुन्हा सांगितलंस. त्यानं सांगितलं, ऑर्डर पुरी होऊ दे, मग बघू. तू माझ्या शेजारच्या प्रेसवर होतीस आणि तेव्हापासून आठ दिवस तुझा एक डोळा माझ्या यंत्रावर असायचा. हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी दुपारी चहाच्या थोडं आधी मी झाकण उचलायला हात टाकला आणि त्याच वेळी ठोकळा न बोलावता खाली निघाला. तू "सुमन!" ओरडलीस. मी ऐकलं. हे मी शपथेवर सांगितलंय आणि आज पुन्हा सांगते, मी माझं नाव ऐकलं तेव्हा माझा हात अजून वाटेत होता. मी त्याला जाताना बघत होते. माझाच हात, पण बसच्या खिडकीतून कोणी दुसरं माणूस जाताना दिसावं तसा तो मला दिसला. थांब म्हणायलाही सवड नव्हती. मग तो पोचला.

पुढचं तुला माहीत आहे, तूच मला उचललंस. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. आई हॉस्पिटलात आली, पट्टी बघितली आणि तिनं एवढंच विचारलं, "दुखता काय गो?" नंतर तिनं तुझ्याकडे बघितलं. तू खाटेच्या पायथ्याशी उभी होतीस, ब्लाउजवर माझं रक्त, आणि म्हणालीस, मावशी, मी उशिरा ओरडले. ते वाक्य तू पहिल्यांदा म्हणालीस ते तिथे. मी अर्धवट गुंगीत होते, नाहीतर तिथल्या तिथे खोडलं असतं. पुढे किती जड जाणार होतं ते वाक्य आपल्याला.

कारखान्यानं कागदावर लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. माझ्या नोकरीवर आणि नावावर तो एक शब्द बसला. तो तसाच राहिला असता तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्या कारखान्यानं तीन बोटांच्या निष्काळजी मुलीला उभं केलं असतं? तेव्हा तूच हटून बसलीस, की चौकशी झाली पाहिजे. दोन महिने खेटे घातलेस. शेवटी बाहेरचा अधिकारी आला, ऑफिसात टेबल मांडलं गेलं, आणि भिंतीवर आपला तो फोटो.

मॅनेजरनं फोटोकडेच बोट केलं. म्हणाला, साहेब, ही जिल्ह्याची चढाईपटू. पापणी लवायच्या आत हिचा हात शिवून परत येतो. हिला शेजारणीनं नावानं हाक मारून सावध केलं होतं. अशा मुलीला हात मागे घेता आला नाही, म्हणजे हिचं लक्षच नव्हतं. अधिकाऱ्यानं मान डोलवली. मला वाटलं, वाट लागली. आपल्याच कपानं आपल्याला बुडवलं.

बाहेर युनियनच्या माणसानं मला आधीच बजावलं होतं, हाक ऐकूच आली नाही म्हण, यंत्रांचा आवाज होता म्हण, मोकळी होशील. तू म्हणालीस, नाय, ऐकलंय तर ऐकलं म्हण. खोट्यावर उभं राहिलं की तेवढंच पकडून खाली ओढतात. मी तुझं ऐकलं. "ऐकली," मी म्हटलं. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. फोरमनला तुझ्या तक्रारीबद्दल विचारलं तर तो म्हणाला, मला कोणी काही सांगितलं नाही. तोंडी तक्रारीला साक्षीदार कुठला?

मग तू उठलीस. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तू अधिकाऱ्याला म्हणालीस, साहेब, एक मिनिट. हात इथे ठेवा. मी एक-दोन-तीन म्हणते, तीनला पेपरवेट झपकन उचला. मधे मी 'थांब' म्हणीन, तेव्हा थांबा. तो हसला, पण बसला. तीन. थांब. हात खाडकन पेपरवेटवर. पुन्हा. खाडकन. तिसऱ्यांदा तर बोट आपटलं त्याचं. चौथ्यांदा तो हाताला ताण देऊन नुसता बसून राहिला आणि तू शांतपणे म्हणालीस, साहेब, आता तुम्ही निघालाच नाही. खोलीत कोणीतरी फसकन हसलं. अधिकारी मॅनेजरला म्हणाला, तुम्ही करून बघा. मॅनेजरनं शाईची दौत सांडली.

"कबड्डीत ती परत यायचं ठरवून हात टाकते," तू म्हणालीस. "प्रेसवर हात टाकला तो झाकण उचलायला. तिथून मधेच परत फिरायचं हाताला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण ठोकळा नेमका कधी दुसऱ्यांदा येणार हे तिला ठाऊक नव्हतं. मी वाटेत बोंबलून काय उपयोग? ज्याला बिघाड आधी ठाऊक होता त्यानं आधी काहीतरी करायला हवं होतं."

असं म्हणून तू फोरमनकडे बघितलंस. मग अपघातापासून बंद ठेवलेलं यंत्र उघडून बघितलं गेलं आणि झिजलेली स्प्रिंग सगळ्यांसमोर टेबलावर आली. निष्काळजीपणा खोडला, यंत्रातील बिघाड असं लिहिलं. मला तपासणी खात्यात परत घेतलं. खाली सही करायची होती आणि माझा उजवा हात पट्टीत. मी आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातानं सही केली, वाकडीतिकडी, शाळेतल्या पोराची असावी तशी. तू ती बघितलीस आणि म्हणालीस, अक्षर सुधारायला पाहिजे.

सुधारलंस तू. महिनोन्‌महिने पाटी घेऊन बसवलंस मला. डाव्या हातानं कांदा चिरायला लावलास, वेणी घालायला लावलीस, चढाईलासुद्धा डाव्या कोपऱ्यातून उतरवलंस. ठरत आलेलं माझं लग्न मोडलं तेव्हा मी रडले नाही, तूच रडलीस. मला काय वाईट झालं गं? पगार होता, मैदान होतं, रविवारी तुझ्या घरचं जेवण होतं. एकदा तुझ्या आग्रहाखातर मनोरीला गेलो, होडीत तू उलटी केलीस आणि दिवसभर मला सांगत राहिलीस, की आमच्या लोकांना समुद्र लागत नाही. किती खोटं बोलायचीस तू, अ‍ॅग्नेस. फक्त एका बाबतीत खोटं बोलायची नाहीस आणि नेमकी त्याच बाबतीत चुकीची होतीस.

कारण सगळ्या जगाला जे पटवलंस ते स्वतःला लावलंच नाहीस. माझ्या तीन बोटांच्या हातात चहाचा कप बघितलास की तुझं तोंड उतरायचं. मी म्हणायचे, तूच नाही का सिद्ध केलंस, की थांबणं शक्यच नव्हतं? तू म्हणायचीस, तुझं थांबणं शक्य नव्हतं, माझं आधी ओरडणं शक्य होतं. मी यंत्र बघत होते. मी बघत होते ना? तरी बैल गेला आणि झोपा केला. मी फोरमनचं नाव काढलं की म्हणायचीस, सांगायचं काम झालं होतं गं, बघायचं माझ्याकडेच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी तुला शंभरदा सुनावलं असेल. आणि माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं. माझ्याजवळ नुसता राग होता.

मग दोन वर्षांपूर्वी तुझ्या हातावरचा ताबा सुटला. कप धरायला जायचीस आणि हात कपाच्या पुढे जायचा, मग थरथरत मागे. मिस्सात क्रूस काढताना बोटं कपाळावर अशी आपटायची, की मागच्या बाकावर ऐकू जायचं. देवाला वाटेल मी स्वतःलाच मारतेय, म्हणालीस आणि हसलीस. चेंबूरच्या डॉक्टरांकडे मी तुला घेऊन गेले. त्यांनी त्यांच्या बोटाला शिवायला सांगितलं, मग तुझ्या नाकाला. तुझं बोट दर वेळी चुकून पुढे. त्यांनी समजावलं, डोक्याच्या मागच्या बाजूला एक छोटा मेंदू असतो. हात निघतानाच तो ठरवतो, आवरणाऱ्या स्नायूला कधी उठवायचं. तुमच्यात ते उठवणं उशिरा होतंय, म्हणून हात पुढे जातो. तू म्हणालीस, म्हणजे रिटर्न तिकीट. डॉक्टरांना काही कळलं नाही आणि आपण दोघी त्यांच्यासमोर वेड्यासारख्या हसलो. दहा-बारा वर्षांपूर्वी शेतात उभी राहून तू जे सांगितलंस ते डॉक्टरांनी जसंच्या तसं सांगितलं होतं.

पण बाहेर आल्यावर तुझा चेहरा बदलला. 'उशिरा' हा एक शब्द तू पकडलास. म्हणालीस, बघ सुमन, देवानं हिशेब बरोबर केला, मी उशीर केला म्हणून माझ्या हाताला उशीर दिला. भर रस्त्यात मी तुझ्यावर ओरडले. असा देव असेल तर त्याचीच चौकशी लावायला हवी, म्हटलं. रस्त्यातले लोक बघत होते.

तू हार मानली नाहीस, ते मात्र खरं. भरवून घ्यायला शेवटपर्यंत नकार. कोपर पोटाशी घट्ट दाबून, दोन्ही हातांनी, कपाऐवजी लोटीनं चहा प्यायचीस. अर्धा अंगावर, अर्धा पोटात. फ्रान्सिस, तुझा भाऊ, चमचा घेऊन पुढे आला की त्याला हाकलायचीस. मला त्या लोटीकडे बघून अभिमान वाटायचा.

आणि शेवटचं भांडण. आजार वाढून तू अंथरुणाला खिळली होतीस. पुन्हा तेच, मी आधी ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. पिशवी उचलली आणि निघाले. दारापर्यंत गेले, तू हाक मारलीस, "सुमन!" मी ऐकलं. आणि माझे पाय थांबले नाहीत. पुढच्या रविवारी जाऊन मिटवू असं म्हणत घाटकोपरला आले. रविवारच्या आत फ्रान्सिसचा निरोप आला.

आता ऐक, परवा काय झालं ते. मिस्सा झाल्यावर सगळे तुमच्या घरी आले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एका कडेला बसले होते. फ्रान्सिसची बायको मेरी चहा करत होती. तिनं चहापत्तीचा डबा उघडून झाकण माझ्याजवळ ठेवलं. आपल्याच कारखान्यातलं, आपल्याच प्रेसवरचं. मी ते बघत बसले. आणि अ‍ॅग्नेस, बारा वर्षं जे उत्तर सापडलं नव्हतं ते एकाएकी समोर आलं. त्या झाकणाच्या खेळात तू एक-दोन-तीन म्हणायचीस. त्या अधिकाऱ्यासमोरही म्हटलंस. हात कधी निघणार ते तुला आधीच ठाऊक असायचं, म्हणून तुझं 'थांब' वाटेत पोचायचं. प्रेस एक-दोन-तीन म्हणत नाही.

मी फ्रान्सिसला बोलावलं. झाकण टेबलावर ठेवलं, माझा हात दीड हातावर. म्हटलं, मी आकडे म्हणणार नाही. माझा हात हलताना दिसला की 'सुमन' ओरड. तो हात पोचायच्या आत ओरडलास तर तू जिंकलास. त्याला वाटलं मला वेड लागलंय. पण बसला. मी थोडी थांबले आणि हात टाकला. खाडकन झाकणावर, आणि मग त्याचं "सुमन". पुन्हा केलं. पुन्हा खाडकन, मग "सुमन". मेरी चहा सोडून आली. तिचंही तेच. शेजारचा जोसेफ आला, तो पोलिसात आहे, नजर तेज आहे म्हणाला. त्याचंही तेच. अगं, शेवटी फादरसुद्धा बसले. दुखवट्याचं घर, भिंतीवर तुझा फोटो, आणि सगळे एकामागून एक माझं नाव ओरडत होते आणि सगळ्यांचं वरातीमागून घोडं. बघायला लागतं, कळायला लागतं, छातीत हवा भरावी लागते, जीभ हलवावी लागते. हाकसुद्धा हातासारखीच आहे गं, तिलाही निघून पोचायला वेळ लागतो.

फ्रान्सिस उठेना. तो म्हणाला, अजून एकदा. मग अजून एकदा. घाम फुटला त्याला. शेवटी त्यानं झाकणावर आपलाच हात ठेवला आणि विचारलं, मग अ‍ॅग्नेसची हाक तुला हात पोचायच्या आधी कशी ऐकू आली?

मी त्याला सांगितलं, तेच तुलाही सांगते. कारण तू आठ दिवस, श्वास धरून, त्या यंत्राकडे बघत होतीस. त्या घरातल्या एकाही माणसाला जमलं नाही ते तुला जमलं होतं. तुझी हाक उशिराची नव्हती. माणसाला जेवढं लवकर ओरडता येतं त्याच्याहूनही ती लवकर होती. माझा हातच तोवर माझा राहिला नव्हता.

हे मला तू असताना सुचलं नाही, त्याचं वाईट वाटतं. दारात तुझी हाक ऐकून मी थांबले नाही, त्याचं तर फारच वाटतं, आणि ते पाय काही टाकलेला हात नव्हते, ते मला थांबवता आले असते. ती चूक माझी, ती मी कबूल करते. कप्तानाकडून शिकले आहे. पण तुझ्या नावापुढे तू स्वतःच्या हातानं जे लिहून ठेवलंस ते मी राहू देणार नाही. माझ्या कागदावरचा निष्काळजीपणा तू खोडलास. तुझ्या कागदावरचा उशीर मी आज खोडते आहे. साक्षीला फ्रान्सिस आहे, मेरी आहे, जोसेफ आहे, फादर आहेत. खाली सही माझी, डाव्या हाताची. अक्षर बघ, सुधारलंय.